गाडी उंच केली अन् पुढून ‘खट-खट’ सुरू झाली? ताडोबा ते भामरागड, जिप्सी-थारचं नेमकं बिघडतं काय

एक रील तुम्हीही पाहिली असेल. जुनी जिप्सी किंवा नवी थार, कमरेला लागतील एवढे टायर, चिखलाच्या नाल्यातून गुरगुरत वर येते आणि मागे दणदणीत म्युझिक वाजतं. खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो, ‘भाऊ, लिफ्ट किती इंच?’ सहा महिन्यांनी त्याच गाडीचं स्टिअरिंग का थरथरतं आणि पुढच्या चाकातून खट-खट का येते, यावर मात्र कोणी रील टाकत नाही.

मुंबई-पुण्यात गाडी उंच करणं बहुतेकदा हौसेसाठी असतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीत तसं नाही. एमएच-३४ आणि एमएच-३३ पासिंगच्या अनेक फोर-बाय-फोर रोजच्या कामाच्या गाड्या आहेत. कोणी मोहर्ली किंवा कोलारा गेटवर सफारीची जिप्सी लावतं, कोणाला शेतात, कोणाला जंगलातल्या कामावर, तर कोणाला पावसाळ्यात गावाबाहेर पडायला ती लागते. ताडोबाच्या कोअरमध्ये पर्यटकांना गाडीतून खाली उतरायची परवानगी नाही, आणि शाफ्ट तुटला म्हणून वाघ वाट बघत थांबत नाही. तिकडे भामरागड किंवा सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण दीडशे-दोनशे किलोमीटरवर. मध्येच क्रॉस तुटला तर तो पार्ट घेऊन येणारा माणूस दुसऱ्या दिवशी पोहोचतो.

म्हणून गाडी उंच केल्यावर पुढच्या भागात काय बदलतं, कुठला आवाज कशाचा आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची, हे नीट समजून घेऊ.

उंची वाढली, पण कशाची?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. पाटे जाड केले, शॅकल लांब केला, दोन इंच उंची मिळाली, म्हणजे गाडीखालून दोन इंच जास्त मोठा दगड जाईल असं लोकांना वाटतं. जिप्सीच्या बाबतीत ते खोटं आहे.

मारुती जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल आणि लीफ स्प्रिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पाटे. अॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा गोल डब्बा असतो आणि दगड आधी त्यालाच लागतो. हा अॅक्सल चाकांवर उभा आहे, पाट्यांवर नाही. पाटे उंच केले की चॅसी वर जाते, बंपर वर जातो, बसणाऱ्याची नजर वर जाते. डिफरन्शियल मात्र जमिनीपासून होता तिथेच राहतो.

त्याला वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. तिथेही मिळतं निम्मंच, कारण टायर मोठा झाला की अॅक्सल फक्त त्रिज्येइतका वर सरकतो. जिप्सी किंगच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ लावला तर व्यास ७३३ च्या आसपास जातो. फरक ६५ मिलिमीटरचा, पण डिफरन्शियल वर जातं ३३ मिलिमीटरच, म्हणजे सव्वा इंच. वर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो तो वेगळाच. काटा ६० दाखवत असतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते. मोठं चाक फिरवायला जास्त जोर लागतो आणि तो जोर पुढच्या-मागच्या प्रत्येक जॉइंटवर येतो.

मग पाटे उंच करण्याचा फायदा काय? मोठा टायर मडगार्डला घासू नये म्हणून जागा मिळते, आणि पुढचा-मागचा भाग चढावर टेकत नाही. फायदा खरा आहे, पण लोक समजतात तो हा नाही.

सफारीच्या गाडीत आणखी एक प्रकार होतो. जिप्सीचं स्वतःचं वजन साधारण एक टन. त्यात सहा पर्यटक, एक गाइड आणि चालक, म्हणजे पाचशे किलोच्या घरात ओझं, तेही मुरमाच्या खडबडीत रस्त्यावर, दिवसातून दोनदा. पाटे बसतात. ते बसले की मालक एक पाटा वाढवतो. भरलेल्या गाडीला त्याने आधार मिळतो, पण रिकामी गाडी उंच उभी राहते. लिफ्ट किट विकत न घेता लिफ्ट झालेली असते आणि तिचे दुष्परिणामही त्याच्यासोबत येतात.

शाफ्टचा कोन: खरी गोम इथे आहे

फोर-बाय-फोर गाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये जाते आणि तिथून एक शाफ्ट मागच्या, एक पुढच्या अॅक्सलकडे. जिप्सीत तर ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसून वेगळा बसवलेला आहे, म्हणून दोघांना जोडणारा आणखी एक आखूड शाफ्ट. एकूण तीन शाफ्ट आणि प्रत्येकाच्या दोन टोकांना मिळून सहा युनिव्हर्सल जॉइंट. यालाच आपल्याकडे ‘क्रॉस’ म्हणतात, कारण आतला तुकडा अधिकच्या चिन्हासारखा असतो.

क्रॉसची खोड अशी की तो सरळ रेषेत असेल तर शांतपणे फिरतो, पण कोनात फिरवला की त्याच्यापुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा थोडा वेगात आणि दोनदा थोडा हळू फिरतो. १० अंशांच्या कोनाला हा चढउतार दोन्ही बाजूंनी दीड टक्क्याचा, २० अंशांना सहा टक्क्यांचा. कोन दुप्पट झाला की हिसका चौपट.

आता एक साधा हिशोब. समजा पुढचा शाफ्ट ६० सेंटिमीटर लांब आहे आणि ट्रान्सफर केस अॅक्सलपेक्षा १० सेंटिमीटर वर आहे. कोन साडेनऊ अंश. गाडी दोन इंच म्हणजे ५ सेंटिमीटर उंच केली की चॅसीसोबत ट्रान्सफर केस वर गेला, अॅक्सल जागेवर राहिला आणि कोन १४ अंश झाला. बाहेरून पाहिलं तर फरक किरकोळ वाटतो, पण शाफ्टमधला हिसका दुपटीहून जास्त वाढलेला असतो. शाफ्ट जितका आखूड तितका हा कोन झपाट्याने वाढतो, म्हणून लहान गाडीला दोन इंचसुद्धा जड जातात.

यावर उपाय मूळ रचनेतच आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्ही योक एका रेषेत असले, तर एका टोकाचा हिसका दुसरं टोक खाऊन टाकतं. कंपनीने गाडी तशीच बनवलेली असते. लिफ्ट करताना हे दोन कोन वेगळे झाले की ४०-५० च्या वेगाला फरशी झिणझिणायला लागते.

इथेच रस्त्याकडेच्या दुरुस्तीत होणारी एक चूक सांगायला हवी. शाफ्टच्या मधोमध दातेरी सरकता भाग असतो. क्रॉस बदलताना तो सुटा होतो आणि परत घालताना एक-दोन दाते पुढेमागे बसतो. शाफ्ट नवा, क्रॉस नवे, ग्रीस नवं, तरी गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट आहे. पार्टचा काही दोष नसतो. सुटं करण्याआधी दोन्ही भागांवर खडूने किंवा पंचने खूण केली असती तर तो खर्च वाचला असता.

हाच सरकता भाग दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचा. गाडी उंच झाली की ट्रान्सफर केस आणि अॅक्सल यांच्यातलं अंतर वाढतं, शाफ्ट बाहेर ओढला जातो आणि आत अडकलेल्या दात्यांची लांबी कमी होते. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. एखाद्या खड्ड्यात चाक लटकलं की तेवढ्याशा दात्यांवर सगळा जोर येतो. उपाय महाग नाही. फ्लँजच्या जागी योग्य जाडीचा स्पेसर बसतो, किंवा शाफ्टची लांबी वाढवून तो बॅलन्स करून घेता येतो.

कोन सुधारायला गेलं की स्टिअरिंग बिघडतं

मग क्रॉसचा कोन कमी करायला अॅक्सलच थोडा फिरवला तर? मागच्या अॅक्सलला चालतं. अॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी पाचर घालून डिफरन्शियलचं नाक वर करतात आणि काम होतं. पुढच्या अॅक्सलला मात्र हीच युक्ती अंगावर येते.

पुढची चाकं ज्या खुंटीवर वळतात ती खुंटी, म्हणजे किंगपिनची रेषा, वरच्या टोकाला किंचित मागे कललेली असते. या कलाला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो ना, तेच तत्त्व. त्यामुळेच हात सैल सोडला तरी सायकल सरळ जाते आणि वळणानंतर गाडीचं स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं. पुढच्या अॅक्सलचं नाक मागे, ट्रान्सफर केसकडे असतं. ते वर उचललं की अख्खा अॅक्सल फिरतो, खुंटीचं वरचं टोक पुढे येतं आणि कॅस्टर कमी होतो. गाडी रस्त्यावर भटकायला लागते, सारखी सावरावी लागते.

गंमत म्हणजे काहींना पाचर न घालताही हा त्रास होतो. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. स्वस्तात लिफ्ट म्हणून लांब शॅकल लावला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अॅक्सल फिरतो, डिफरन्शियलचं नाक वर आणि कॅस्टर गायब. शॅकलच्या जोडीला काहीशे रुपये लागले असतील, पण आता हायवेवर स्टिअरिंग हातात राहत नाही.

कॅस्टर कमी, वर टाय रॉड एंड सैल, किंगपिनच्या बेअरिंगमध्ये प्ले आणि टायर मोठे असं सगळं जुळून आलं की अखंड अॅक्सलच्या गाड्यांचा कुप्रसिद्ध आजार सुरू होतो. ५०-६० च्या वेगाला एका खड्ड्याचं निमित्त होतं आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी इतकी जोरात थडथडतात की स्टिअरिंग हातातून सुटेल असं वाटतं. जगभर याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. असं झालं तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू उतरू द्या. पुष्कळ जण यावर नवा स्टिअरिंग डॅम्पर लावून मोकळे होतात. डॅम्परने आजार दबतो, बरा होत नाही, आणि सहा महिन्यांनी सैल झालेला पार्ट आणखी सैल झालेला असतो.

तर कोन वाचवायचा की कॅस्टर? पुढच्या अॅक्सलला उत्तर सरळ आहे: कॅस्टर. ज्या गाडीचे पुढचे हब मोकळे करता येतात, तिथे टू-व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट फिरतच नाही, आणि फोर-व्हील लावून कोणी ८० ने जात नाही. शाफ्टची थोडी थरथर चालून जाईल, स्टिअरिंगची नाही. दोन्ही हवं असेल तर खर्चाचे मार्ग आहेत. ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन जॉइंटचा शाफ्ट बसवता येतो, किंवा अॅक्सलचे नकल कापून योग्य कोनात पुन्हा वेल्ड करता येतात. हे दुसरं काम रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याचं नाही. तिथे वेल्ड सुटलं तर चाकच जातं.

मारुतीची जिम्नी २०२३ मध्ये भारतात आली. तिला पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत, पण अॅक्सल अखंडच. म्हणून कॅस्टरचा प्रश्न तिलाही आहे. शिवाय तिचा अॅक्सल आडव्या पॅनहार्ड रॉडने जागेवर धरलेला असतो. गाडी उंच केली की हा रॉड जास्त तिरका होतो आणि अख्खा अॅक्सल एका बाजूला सरकतो. म्हणून लिफ्टसोबत लांबी बदलता येणारा रॉड लागतो.

थारचं गणित वेगळं

थारला पुढे अखंड अॅक्सल नाही. २०१० ची सीआरडीई थार आणि २ ऑक्टोबर २०२० ला आलेली नवी थार, दोघींना पुढची चाकं स्वतंत्र आहेत. डिफरन्शियल चॅसीला बांधलेलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी चाकांकडे जाणारे ड्राइव्हशाफ्ट. त्यांच्या टोकांना क्रॉस नसून सीव्ही जॉइंट असतात. आत पोलादी गोळ्या, वर रबरी बूट, आत ग्रीस. सीव्ही जॉइंट कोनातही एकसारख्या वेगाने फिरतो, म्हणून क्रॉससारखा हिसका देत नाही. पण कोन वाढला की गोळ्यांवरचा दाब वाढतो, उष्णता वाढते आणि बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात.

इथे चॅसीसोबत डिफरन्शियलही वर जातं, म्हणजे पुढे खरंच जागा मिळते. पण चाक खालीच असल्यामुळे ड्राइव्हशाफ्ट आतून बाहेर उतरता होतो.

जुन्या थारला पुढे टॉर्शन बार आहेत. त्यांचा बोल्ट आवळला की पाच मिनिटांत, एक रुपयाही न घालवता, गाडी पुढून उंच. म्हणूनच हे सर्रास होतं. त्याने चाकाची एकूण हालचाल वाढत नाही, फक्त तिची सुरुवात सरकते. चाक आधीच खाली गेलेलं असल्यामुळे खड्ड्यात आणखी खाली जायला वाव उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात वरचा आर्म स्टॉपवर ‘ठक्’ आपटतो. बॉल जॉइंट कायम टोकाच्या कोनात राहतात आणि लवकर संपतात.

नव्या थारमध्ये कॉइल आणि शॉकअपच्या वर स्पेसर बसवतात. इथे एक बारकावा आहे. शॉकअप खालच्या आर्मवर चाकापासून थोडा आत बसलेला असतो, त्यामुळे एक इंचाचा स्पेसर चाकाशी एक इंचापेक्षा जास्त उंची देतो. दोन इंच मागणाऱ्याने दोन इंचाचा स्पेसर घातला की गाडी तीन-साडेतीन इंच वर जाते आणि मग सीव्ही बूट का फाटले याचं कोडं पडतं. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीला दीड-दोन इंचांच्या वर जायचं असेल तर डिफरन्शियल खाली आणणारे ब्रॅकेट आणि वेगळ्या कोनाचे वरचे आर्म लागतात. त्याची तयारी नसेल तर उंची कमी करणं हीच दुरुस्ती.

आवाज ऐकून ओळखा

पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू निघताना ‘टक-टक-टक’ येत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट गेला. सरळ रस्त्यावर रेस देताना थरथर आणि रेस सोडली की बंद, असं असेल तर आतला जॉइंट किंवा शाफ्टचा कोन. गिअर टाकताना किंवा पुढे-मागे घेताना एकच ‘खट्’ म्हणजे क्रॉसमध्ये किंवा सरकत्या दात्यांत प्ले. हळू वेगात चिमणीसारखी ‘चीं-चीं’ आली तर क्रॉस कोरडा पडलाय. टोपीच्या कडेला बारीक लाल भुकटी दिसली की आतल्या सुया गंजल्या, मग ग्रीस मारून उपयोग नाही, क्रॉस बदला.

वेगासोबत वाढणारी घरघर वळणावर बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. एकीकडे वळताना वाढते, दुसरीकडे कमी होते.

जिप्सीसारख्या गाडीत शंका पुढच्या शाफ्टवर असेल तर एक खात्रीची परीक्षा आहे. पुढचा शाफ्ट सोडून बाजूला ठेवा आणि टू-व्हीलमध्ये गाडी चालवून बघा. थरथर गेली तर दोष त्याच शाफ्टमध्ये होता. राहिली तर मागे किंवा चाकांत शोधा. दोन तास आणि चार बोल्टांचं काम, पण अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा स्वस्त.

आणखी एक कारण, जे गडचिरोलीच्या रस्त्यांवर फार होतं. जिप्सी, थार, जिम्नी या पार्ट-टाइम फोर-बाय-फोर आहेत. फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना करकचून बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात. चिखलात किंवा मुरमावर चाक जरासं घसरून हा फरक काढून टाकतं. डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो. जंगलातला चिखल संपून डांबर लागलं आणि चालक टू-व्हील करायला विसरला की क्रॉस, दाते, सीव्ही सगळ्यांचं आयुष्य त्या एका विसराळूपणात जातं. उंच केलेल्या गाडीत कोन आधीच वाढलेले असतात, म्हणून तिथे आधी तुटतं.

मुरूम, ऊन आणि रपट्याचं पाणी

बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं आणि धूळ आत जाते. मुरमाची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. उंच गाडीत हाच बूट जास्त वाकलेला असतो, म्हणून भेगा घडीतच पडतात आणि वरून दिसत नाहीत. चाक पूर्ण वळवून, बोटाने घडी उघडून बघावं लागतं.

पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही दरवर्षीची बातमी. पुलावरून किंवा रपट्यावरून पाणी वाहत असेल तर कुठलीही लिफ्ट कामाची नाही. गाडी उंच झाली म्हणून जड होत नाही, आणि प्रवाह चाकांना नाही तर अख्ख्या गाडीला ढकलतो. पण पाणी ओसरल्यावर गुडघाभर नाले पार करावेच लागतात आणि नुकसान तिथे गुपचूप होतं. चालून तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून ब्रीदरची नळी लांब करून बॉनेटखाली उंच बांधतात. हे काम लिफ्टच्या आधी करायला हवं, खर्च एका नळीचा आणि दोन क्लिपचा. पाणी शिरलंय का, ते ड्रेन बोल्ट सैल केल्यावर कळतं. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर ते त्याच दिवशी बदला. जिप्सीच्या पुढच्या नकलमध्ये ग्रीसचीही हीच तऱ्हा.

गॅरेजमध्ये क्रम कोणता ठेवायचा

आधी सैल भाग, मग कोन, शेवटी अलाइनमेंट. उलट केलं तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात.

पुढचा अॅक्सल जॅकने उचला, पण गाडी घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मिस्त्री कितीही जुना असला तरी. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले आला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर जिप्सी-जिम्नीत किंगपिन, थारमध्ये बॉल जॉइंट. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा, तिथला प्ले टाय रॉड एंडचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. पाट्यांचे आणि शॅकलचे बुश पहारीने उचकून बघा.

याच वेळी चाक पूर्ण लटकू द्या आणि दोन गोष्टी तपासा. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातोय का? शॉकअप पूर्ण उघडून चाक त्यालाच लटकतंय का? पहिली गोष्ट जिवाशी खेळ आहे. लिफ्टवर हजारो रुपये खर्च होतात आणि ब्रेकचा पाइप मूळ लांबीचाच राहतो. खड्ड्यात चाक खाली गेलं की तो तुटतो, आणि ते कळतं पुढच्या उतारावर. शॉकअप आखूड पडत असेल तर गाडीच्या उंचीप्रमाणे लांब घ्या.

सैल भाग बदलून झाले की शाफ्टचे कोन मोजा. मोबाइलमधला लेव्हल मोजणारा अॅपही पुरतो, फक्त गाडी सपाट जागी आणि नेहमीच्या ओझ्यासह उभी हवी. सफारीची गाडी रिकामी मोजून काही कळत नाही. पाचर घालायचीच असेल तर पोलादी घाला, मऊ धातूची पाचर पाट्याखाली पिचते. यू-बोल्ट एकदा सोडले की नवे वापरलेले बरे, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. क्रॉसमध्ये ग्रीस मारताना चारही टोप्यांमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. एका टोपीतून आलं नाही तर ती टोपी कोरडीच राहिली.

जिप्सीवाल्यांना यात एक अडचण जास्त. २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. गाड्या जुन्या होत चालल्यात, त्यामुळे पार्ट घेताना ढिलाई परवडत नाही. हलका क्रॉस स्वस्त पडतो, पण तो एका सीझनमध्ये दोनदा बदलावा लागला तर बुडालेल्या फेऱ्यांचा हिशोबही त्यातच धरायला हवा.

आणि आरटीओ?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनी बदललेल्या सस्पेन्शनवर बोट ठेवू शकते. पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या गाडीसाठी हा मुद्दा दंडापेक्षा मोठा आहे. बसलेले पाटे बदलून गाडी मूळ उंचीवर आणणं ही दुरुस्ती, त्याला कोणाची हरकत नाही. बऱ्याच सफारी जिप्सींना खरी गरज एवढीच असते.

ताडोबाचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. पाटे उतरवायला, किंगपिन उघडायला आणि ऑइल बघायला हीच वेळ सोयीची. काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून एका कागदावर लिहा आणि तो कागद आरसीसोबत ठेवा. पुढच्या वर्षी कुठला पाटा किती बसला, ते टेप लावल्यावर दोन मिनिटांत कळेल.